कात्रीची हिरवी चिंधी

कुंभारी,
११ नोव्हेंबर

राजे,

जयभीम. फाडायच्या आधी चार ओळी वाच. माझं नाव दिसलं की तू फोन पालथा घालतेस. पाकीट मात्र फाडायला का होईना, हातात घ्यावंच लागतं. म्हणून हा खटाटोप.

मी सांगते आणि प्रतिक्षा लिहिते. आपल्या सिद्धांतची बायको, तुझी भाचेसून. मार्चमध्ये तू तिला बघितलंस, सहीच्या दिवशी पुढे बसली होती. बारावी शिकलेली आहे. अक्षर सुरेख आहे असं तीच सांगते, मला काय कळतंय. मी 'हाय' म्हटलं की ही 'आहे' लिहिते. म्हटलं, "अगं, माझ्या लेकीला वळखू तर येऊ दे मी." तर म्हणते, "आजी, आत्या कॉलेजात शिकवतात. त्यांना असं कसं पाठवायचं?" म्हणजे माझं तोंड धुऊन, वेणीफणी करून तुझ्याकडे हैदराबादला यायचं. येऊ दे. एवढं नटून मी लग्नातसुद्धा उभी नव्हते.

तू बरी असशील. मी बरी आहे. गुडघे आपलं आपलं बोलत असतात, मी ऐकत नाही.

आठ महिने झाले तू बोलत नाहीस. त्या दिवशी मी दोन शब्द जास्त बोलले असेन. माझं वय झालंय, शब्द निसटतात. ते असो.

कारखान्यात तुझा कराराचा कागद चालू आहे. शेठनं शब्द पाळला. टॉवेलच्या घडीला आणि पॅकिंगला बसणाऱ्या बाईला आता गड्याइतकाच पगार पडतो. सोनाबाईनं पहिल्या पगारात स्वतःसाठी चप्पल घेतली आणि तीन दिवस ती पिशवीतून आणली, घालायला जीव होईना. चाळीस वर्षांत मला जे जमलं नाही ते तू आठवड्यात केलंस. कागदावर पहिला अंगठा माझा. मी कुणाकुणाला सांगते म्हणून विचारू नकोस, रिक्षावाल्यालाही सांगते.

पण राजे, शेठनं सही हसत हसत केली. तेव्हाच मला भ्या वाटलं. शेठ रडत सही करतो तेव्हा आपलं जमलेलं असतं.

कागदात दोन गोष्टी होत्या. पगार सारखा, आणि काम सारखं, सगळ्यांनी नंबरानं. आधी टॉवेलच्या गाठी टेम्पोत चढवायचं काम गड्यांचं होतं. आता आपलंही आहे. साठ किलोची गाठ, दोघांत एक. तरण्या पोरी चढवतात, हसत चढवतात. मी आता नुसते धागे कापते, मला कुणी गाठीला बोलवत नाही. म्हातारी म्हणून सूट. ती कागदात नाही, शेठच्या मनात आहे.

आता तुला एक गोष्ट सांगते, जी तुला कधी सांगितली नाही. आमच्या कारखान्यात प्रत्येक बाईच्या कमरेला धागे कापायची कात्री असते, दोरीनं बांधलेली. त्या कात्रीला एखादी हिरवी चिंधी बांधायची. टॉवेलच्या काठाची, बोटभर. चिंधी दिसली की समजायचं, हिला दिवस गेलेत. मग पंख्याजवळचं स्टूल तिचं, लेबल लावायचं काम तिचं. ओझं बाकीच्या आपसांत वाटून घेतात. कुणी बोलत नाही, कुणी विचारत नाही. मुकादमाला पत्ता नाही. कधी कुणाला घरी मार बसलेला असायचा, कधी कुणाचं अंगावरून जास्त जात असायचं, तीही बांधायची. का, ते विचारायचं नाही असा आमचा नेम. तू पोटात होतीस तेव्हा सात महिने माझ्या कात्रीला चिंधी होती. तू चिंधीची पोर आहेस.

आता कागद आल्यापासून नंबर लिहून लावतात भिंतीवर. नंबर बदलता येत नाही. मॅनेजर शिवशरण साहेब म्हणतात, "ही तुमचीच मागणी हाय, बायांनो." खोटं नाही.

आणि प्रतिक्षा आमच्यातच घडीला बसते, तिला तिसरा महिना आहे.

ही लिहिता लिहिता थांबली. लिही की गं, कारखान्याला ठाऊक आहे, आत्याला कळलं तर काय बिघडलं.

तिनं चिंधी बांधली होती. आता नाही. पडली असेल कुठेतरी, गाठ सैल असेल.

तर तू ये. किंवा येऊ नकोस, पण कागदात एक ओळ वाढव. चिंधीची ओळ. तुला जमेल तशी, तुमच्या भाषेत.

तुझी आई
भीमाबाई


कुंभारी,
२३ नोव्हेंबर

राजे,

तुझं पत्र आलं. दोन पानं, छापलेली. माझ्या लेकीचं अक्षर कसं आहे ते आता या जन्मी कळायचं नाही. प्रतिक्षानं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मी मुद्दाम वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा मी नुसती "प्रिय आई" ऐकत बसले होते.

तू लिहितेस, या गोष्टीवर बायकांमध्ये शंभर वर्षं वाद आहे. एका बाजूच्या म्हणतात, बाई आणि पुरुष सारखे, वेगळं काही मागू नका. वेगळं मागाल तर तुम्हाला वेगळंच ठेवतील, आणि वेगळं म्हणजे खाली. दुसऱ्या म्हणतात, बाई वेगळी आहे, ते वेगळेपण धरून हिशेब करा. नाहीतर 'सारखं' म्हणजे फक्त 'पुरुषासारखं' एवढंच उरतं. आणि दोन्ही बाजूंना मोठमोठ्या शिकलेल्या बाया आहेत.

शंभर वर्षं? राजे, पोटातलं पोर नऊ महिन्यांत बाहेर येतं. तुमचा निकाल लागेपर्यंत आम्ही काय श्वास धरून बसायचं?

हसू नकोस. किंवा हस, हसलीस तर बरंच आहे.

तुझं म्हणणं मला कळतं, बरं का. वाचता येत नसलं तरी एवढं कळतं. मला तरणेपणी मागावर बसायचं होतं. त्या वेळचा शेठ म्हणाला, "बाईमाणसाला माग झेपत न्हाय, पदर आडकंल." मागवाला चहाला गेला की मी पदर खोचून त्याच्या मागावर उभी राहायची. पंधरा दिवस राहिले. कापड बघून कुणालाच सांगता आलं नाही, कुठला हात बाईचा आणि कुठला गड्याचा. तरी जन्मभर धागेच कापले. तेव्हा 'बाई वेगळी' या दोन शब्दांनी माझा किती पगार खाल्ला ते मला ठाऊक आहे. चिंधी कागदावर आणली तर उद्या शेठ म्हणेल, बघा, या नाजूक, यांना कमी द्या, नाहीतर यांना ठेवूच नका. तू तेच लिहिलंयस. खरं आहे.

कायद्याचंही लिहिलंयस. पण तो बोलतो शेवटच्या महिन्यांचं. प्रतिक्षाचं अजून पोट दिसत नाही. जे दिसत नाही तेच तर निसटतं.

मग मी निंगप्पाकडे गेले. आमचा जुना हमाल, अक्कलकोटकडचा, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलतो. त्याला विचारलं, "गाठ साठ किलोचीच का रं बांधत्यात?"

"मी आलो तवापासनं साठच हाय, अव्वा."

"कुणी ठरवलं?"

"कुणाला ठाव."

"तुला झेपतंय व्हय?"

तर त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि सदरा वर केला. कमरेला हा रुंद पट्टा, डॉक्टरनं दिलेला. चार वर्षं झाली म्हणे. बायकोशिवाय कुणाला ठाऊक नाही. "मालकाला कळलं तर घरी बसवंल," म्हणाला. गड्यालाही झेपत नाही, राजे. ज्या माणसाच्या पाठीच्या मापानं ती गाठ बांधली तो माणूस मला आजवर भेटलेला नाही. मग आपण त्याच्यासारखं का व्हायचं? हे तुमच्या दोन बाजूंपैकी कुठल्या बाजूला बसतं ते तू बघ. मला बसायला पंख्याजवळचं स्टूल पुरे.

आता मुद्द्याचं. गुरुवारी गाठीला प्रतिक्षाचा नंबर आहे. मी म्हटलं, "रजा टाक." ऐकत नाही. म्हणते, "आजी, मी रजा टाकली की शिवशरण साहेब सगळ्यांसमोर म्हणणार, पगार सारखा पाहिजे आणि गाठ नको. मग आत्यांनी एवढं केलेलं वाया जातंय." ही तुझंच पाठ करून बसलीये. लिही, हे पण लिही. बघ, तोंड फुगवून लिहिते आहे.

मी म्हटलं, "मग चिंधी तर बांध." तर ही माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "पडली ना ती."

राजे, मला भ्या वाटतं. दिवसा वाटतं, भाकरी थापताना वाटतं. तू गुरुवारच्या आत फोन कर. माझ्याशी बोलू नकोस, हिच्याशी बोल. तुझं ऐकेल.

आई


सोलापूर, दवाखाना
२८ नोव्हेंबर

राजे,

अक्षर वेगळं दिसेल. प्रतिक्षा आत खाटेवर आहे. हे ऋतुजा नावाची मुलगी लिहिते आहे, शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची बहीण. भली आहे. मी म्हणेन ते लिहिते, मध्ये काही विचारत नाही.

तुझा फोन आला नाही, पत्रच उशिरा पोचलं असेल. काल प्रतिक्षानं गाठ चढवली. दोन चढवल्या. तिसरीला हात लावला आणि खाली बसली. उठली तर साडी भरलेली. निंगप्पानं उचलून टेम्पोत घातली, तोच टेम्पो टॉवेल उतरवून इथं आणला.

रक्त थांबलंय म्हणतात, पण पुरतं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके आहेत. पण आत्ताच काही सांगता येत नाही, तीन आठवडे हलायचं नाही, मग परत बघू. मी विचारलं, "राहील का?" तर म्हणाल्या, "आजी, प्रार्थना करा." शिकलेली माणसं असं बोलायला लागली की माझे पाय गार पडतात.

सिद्धांत पुण्याहून आला. दोन दिवसांची रजा आहे. त्यानं तुला फोन लावला, तू त्याच्याशी बोललीस, मी बाजूलाच उभी होते. त्यानं विचारलं, आजीला देऊ का? तू नको म्हणालीस. बरं केलंस. काय बोलणार होते मी, उभ्या उभ्या रडले असते आणि तू म्हणाली असतीस, आईची नाटकं.

आता खरं सांगते. ऋतुजा, लिही बाळ, थांबू नकोस.

तुझ्या आधी एक गेलं होतं, राजे. तुला कधी बोलले नाही. चौथा महिना होता. तेव्हा चिंधी नव्हती. मी टॉवेलची बोचकी वाहायची, कुणी अडवलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. काम जाईल या भ्यानं. त्यानंतर तू राहिलीस तेव्हा सोनाबाईच्या सासूनं स्वतःच्या हातानं माझ्या कात्रीला पहिली चिंधी बांधली. तिथून सुरू झालं ते.

आणि सहीच्या दिवशी. तू कागद वाचत होतीस. मी मध्येच विचारलं, "जी पोटुशी असंल तिचं काय?" तू म्हणालीस, "आई, वेगळं काही मागायचं नाही. तुला वाचता येत नाही, तू गप्प बस." शेठसमोर म्हणालीस. शेठ हसला. तेव्हा मी जे बोलले ते दोन शब्द नव्हते. चाळीस बायांसमोर म्हणाले, "जिनं पोटात पोर धरलं न्हाय तिनं पोटुशीचं काय सांगावं." तुझं तोंड कसं झालं ते मी बघितलं. तू मूल का नाही होऊ दिलंस, की झालं नाही, मला तू कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. नेम मीच केला आणि मीच मोडला. शेठलोक आपल्याला जे म्हणतात, तेच मी माझ्या लेकीला म्हणाले. बाई म्हणजे पोट, एवढंच. वर त्याच दिवशी तुझ्या कागदावर अंगठा दिला, म्हटलं फिटलं. असं फिटत नाही.

अजून एक आहे. दिवाळीनंतर शिवशरण साहेबांना चिंधीचं कुणीतरी सांगितलं. ते आले, प्रतिक्षा जेवायला गेली होती, तिची कात्री टेबलावर होती, चिंधीसकट. म्हणाले, "वा भीमाबाई. वरनं सारखा पगार, आतनं सूट. तुमच्या लेकीला कळवू का, कागद खोटा हाय म्हणून?" मला काय झालं कुणास ठाऊक. मी एकदा तुला लोकांत खाली बघायला लावलं होतं. पुन्हा नको, असं वाटलं. तुझा कागद खरा राहू दे, असं वाटलं. मी चिंधी सोडली. त्यांच्यासमोर सोडली आणि ब्लाऊजमध्ये घातली. मी म्हणाले, "कसली चिंधी, साहेब?"

पडली नव्हती.

प्रतिक्षाला हे ठाऊक नाही. तिला सांगू नकोस. तिच्या पोटातलं गेलं तर ते मी सोडलेल्या गाठीतून गेलं, राजे. मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

ऋतुजा हे पत्र टपालात टाकते म्हणाली.

आई


कुंभारी,
९ डिसेंबर

राजे,

हे सोनाबाई लिहिते. ती साक्षरता वर्गात शिकली. एका ओळीला एक चहा लागतो. म्हणून थोडकं.

प्रतिक्षा घरी आली. पडून आहे, डाव्या कुशीवर. रक्त नाही. अठराला परत तपासणी. मी तिला ताटलीत जेवण नेऊन देते. ती म्हणते, "आजी, बसा की जरा." मी बसत नाही. कामं असतात.

तुझं पाकीट येऊन चार दिवस झाले. पातळ आहे. मी फोडलं नाही. पोस्टमन म्हणाला, "वाचून दाखवू का?" नको म्हटलं. सिद्धांत पुण्याला गेला. वाचणारी घरात एकच आहे, ती पडून आहे, तिला त्रास नको. ज्वारीच्या डब्यात ठेवलंय.

(भीमाबाई खोटं सांगते. प्रतिक्षा दिवसभर पडून पेपर वाचते. पाकिटात काय आहे ते मला पण सांगत नाही. सोनाबाई.)

काय लिहिलंस गं मध्येच? माझ्या पत्रात तुझं काय काम?

तर कारखान्याचं. शिवशरण साहेब सोमवारी म्हणाले, प्रतिक्षाचं नाव भिंतीवरून काढतो, तिला झेपत नाही, कागदात तशी सोय नाही. सगळ्या खाली बघून धागे कापत राहिल्या. सगळ्यांना आपापली भीती. मग दुपारच्याला निंगप्पाचा गाठीला नंबर आला. त्याच्या हातात गाठ ओढायचा लोखंडी आकडा असतो. त्या आकड्याला हिरवी चिंधी. साहेब म्हणाले, "हे काय सोंग?" निंगप्पानं सदरा वर केला, पट्टा दाखवला, आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "बेन्नु, साहेब. बेन्नु. पाठ हाय, लोखंड न्हवं." मग म्हणाला, "गाठ तीसची बांधा. तीन लोक लावा. कायबी करा. न्हायतर माझं पण नाव काढा."

मी चाळीस वर्षं त्या माणसाला ओळखते, इतकं बोललेला बघितला नाही.

साहेब शेठला विचारतो म्हणाले. शेठनं अजून हो म्हटलं नाही. निंगप्पा आज घरी आहे. बसवलं की बसलाय, कळत नाही. त्याची बायको माझ्याशी बोलत नाही. ह्याचंही पाप माझ्याच खात्यावर.

राजे, मी किती बावळट. तुला सगळं लिहून मोकळी झाले आणि हे ध्यानातच आलं नाही, की उत्तर येईल, आणि ते उत्तर मला जिच्यापासून लपवायचंय तिच्याच डोळ्यांनी वाचावं लागेल. वाचता येणाऱ्या बाईला ही भानगड कधी कळायची नाही.

ज्वारी काढायला डबा उघडला की ते वर येतं. रोज अजून खाली घालते.

(कुणापासून काय लपवायचंय? सोनाबाई.)

चहा संपला.

आई


कुंभारी,
१४ डिसेंबर

राजे,

अक्षर ओळखलंस ना? वाकडं दिसेल, प्रतिक्षा कुशीवर झोपून लिहिते आहे. उशीवर पाट ठेवलाय.

आज ज्वारी संपली. संपली म्हणजे सोनाबाईला वाटेल तसा बहाणा नाही, खरंच संपली. डब्याच्या तळाला तुझं पाकीट पडलं होतं, ज्वारीच्या धुळीनं पांढरं झालेलं. मी ते हातात घेऊन उभी होते, तर खाटेवरून ही म्हणाली, "आजी, आत्यांचं पत्र आहे ना ते? द्या की वाचते."

मी म्हटलं, "आधी तू लिही. मग वाच."

म्हणाली, "आजी, गुरुवारी तपासणी आहे, मला आत्ता काही..." आणि पेन मागितलं.

तर लिही, प्रतिक्षा. मी म्हणेन तसंच लिही. आज माझं तोंड धुवायचं न्हाय.

राजे, चिंधी पडली न्हवती. मी सोडली. प्रतिक्षाच्या कात्रीची गाठ मी माझ्या हातानं सोडली. शिवशरण साहेबासमोर सोडली. तुझा कागद खरा राहावा म्हणून सोडली. पोरीला इचारलं न्हाय. सांगितलं न्हाय. तिनं गाठ उचलली तवा मी तितं उभी हुते, दहा हातांवर, धागे कापत. तवाबी सांगितलं न्हाय.

लिहिलंस? खरंच लिहिलंस का? मला काय कळतंय, तू तिथं भाजीची यादी लिहिलीस तरी.

बोल की गं काहीतरी.

—

आत्या, जयभीम. मी प्रतिक्षा. आता मी माझं लिहिते.

आजी म्हणाल्या ते सगळं लिहिलं, जसंच्या तसं. मला ते ठाऊक होतं. त्या दिवशी मी जेवायला गेले नव्हते, हात धुवून दारातच आले होते. मी बघितलं. पुढे येऊन बोलू शकले असते. बोलले नाही. माझ्या डब्यात दुसरी चिंधी होती, तीही बांधली नाही. मलाही वाटलं, पगार सारखा आहे तर कुणी मागून कुजबुजायला नको. मला सूट नको होती आणि मला भीतीही वाटत होती, दोन्ही एकाच वेळी. तुमच्या दोन पानांत याचं काही सापडलं नाही. रागवू नका.

गेले दोन आठवडे आजी माझ्याजवळ बसत नाहीत. ताट ठेवतात आणि पळतात. मला वाटायचं, बाळाचं काही झालं तर त्या मला कधीच सांगणार नाहीत, आणि मी त्यांना. त्याचीच भीती जास्त वाटली.

निंगप्पाकाका कालपासून कामावर आहेत. गाठ अजून साठचीच आहे, पण तिघं उचलतात. शेठनं कागदावर काही दिलेलं नाही. ते तुमच्याशिवाय व्हायचं नाही.

मग तुमचं पाकीट फोडलं. आजी डोळे मिटून बसल्या होत्या, पदर तोंडात. मी आत बघितलं, परत बघितलं, पाकीट उलटं करून झटकलं. कागद नव्हता. एक ओळसुद्धा नाही. फक्त हिरव्या कापडाची चिंधी होती, बोटभर, एका बाजूला जरीचा काठ. तुमच्याच साडीची असणार. सहीच्या दिवशी तुम्ही नेसला होतात ती.

आजी म्हणाल्या, "वाच. काय लिवलंय ते वाच, गाळू नकोस."

मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे उघडले, बोटांनी चाचपली, काठ बघितला, उलटी करून बघितली. मग कुणाला न विचारता त्यांनी स्वतःच वाचली. वाचायला लई वेळ लागला.

आता त्या माझ्या उशाशी बसल्या आहेत. उठायचं नाव घेत नाहीत. एक ओळ सांगतात ती लिहिते:

राजे, अक्षर चांगलं हाय तुझं. गुरुवारच्या आत ये. आमा दोघींना लई भ्या वाटतंय.